मारुती ८०० मध्ये जुन्या क्लचचे भाग बसवताना: पारख, उतरवणं आणि जोडणी

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मामांची मारुती ८०० भंगारात निघाली. खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, वेल्डिंगवाल्यानेही हात जोडले. पण त्याच गाडीत दिवाळीला नवा क्लच सेट टाकलेला होता, जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेला. इकडे माझी ८०० खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये नुसती ओरडायची. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी काही पळत नाही. मामा म्हणाले, "अरे, माझा काढून तुझ्यात टाक की. भंगारवाला त्याचे वेगळे पैसे थोडेच देणार आहे?"

टाकला, आणि गाडी आजही व्यवस्थित घाट चढते. पण त्याच्या काही वर्षं आधी मी असाच जुना माल घालून चांगलाच फसलो होतो. क्लच प्लेट ठीक होती, पण तिच्यासोबत मिळालेलं रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) तसंच बसवलं. पंधराव्या दिवशी पेडलवर पाय ठेवला की किंचाळी ऐकू यायला लागली आणि सगळा गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. क्लचच्या कामात खरा खर्च असतो तो गिअरबॉक्स उतरवून चढवण्याचा. म्हणून जुना भाग स्वस्त पडला की महाग, हे ठरवताना त्याची किंमत पाहू नका. त्याच्यामुळे गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागेल का, एवढंच पाहा. खालचे सगळे निर्णय मी याच एका मापाने घेतले आहेत.

उदाहरण मारुती ८०० चं घेतोय, कारण तिच्यावर मी स्वतः हात चालवला आहे. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ ती तयार होत होती, त्यामुळे तिचे भाग गावोगाव मिळतात. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद आणि केबलवर चालणारा क्लच, असा सगळा साधा मामला आहे. घरी शिकायला याहून सोपी गाडी मला माहीत नाही. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत केबलच्या जागी सिलिंडर आणि तेल येतं, पण पारख तीच राहते.

कोणता भाग जुना चालेल

आधी एक स्पष्ट सांगतो. ८०० चा नवा क्लच सेट आजही स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतो आणि फार महागही नसतो. तेव्हा कुठल्या गाडीचा, किती चाललेला हे माहीत नसलेला क्लच पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका. जुना क्लच घ्यायचा तो इतिहास माहीत असेल तरच. घरातली गाडी, ओळखीच्या माणसाची गाडी किंवा मागून अपघात होऊन बाद झालेली पण इंजिन-गिअरबॉक्स शाबूत असलेली गाडी, एवढ्यांचाच विचार करा.

फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाला फिरणारं जड चाक), रिलीज बेअरिंगला ढकलणारा रिलीज फोर्क, त्याचा शाफ्ट आणि बाहेरचा आर्म हे लोखंडी भाग तडा गेलेला नसेल आणि झिजले नसतील तर बेलाशक जुने घ्या. क्लच प्लेट (अस्तर लावलेली चकती) आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट पारखून घ्या, आणि दोन्ही एकाच गाडीच्या घ्या. त्या एकमेकींवर घासून बसलेल्या असतात. एकीची प्लेट आणि दुसरीची प्रेशर प्लेट असा संसार जमायला वेळ लागतो आणि तोवर गाडी थरथरते.

रिलीज बेअरिंग, क्लच केबल, इंजिनचं मागचं (फ्लायव्हीलकडचं) ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) सील आणि चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची दोन्ही सील मात्र नवीनच टाका. यातलं एकही जुनं नको. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला छोटं पायलट बेअरिंग असेल तर तेही नवीन. हे सगळं मिळूनही गिअरबॉक्स परत उतरवण्याच्या मजुरीपेक्षा कमीच पडतं. आणि रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुऊन "नव्यासारखं" करून देणारा भेटला, तर त्याच्याकडून दुसरं काहीच घेऊ नका. या बेअरिंगमध्ये ग्रीस भरून ते कायमचं बंद केलेलं असतं. धुतलं की आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं.

प्लेट हातात घेतल्यावर

प्लेट हातात घेण्याआधी तोंडाला चांगला मास्क लावा. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये पोरं हवेने क्लच साफ करताना दिसतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

आता पहिल्यांदा अस्तराचा रंग बघा. चांगल्या प्लेटचं अस्तर करडं-तपकिरी आणि कोरडं दिसतं. काळपट, ओलसर, बोट लावलं की चिकट लागणारी प्लेट तेल प्यायलेली असते. अशी प्लेट पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून किंवा गॅसवर भाजून सुधारते असं सांगणारे बरेच भेटतील. ती सुधारत नाही. अस्तर स्पंजसारखं तेल ओढतं, आणि इंजिन तापलं की तेच तेल पुन्हा वर येतं.

त्यानंतर रिव्हेट मोजा. अस्तर रिव्हेटने धरलेलं असतं आणि रिव्हेटचं डोकं अस्तराच्या पातळीपेक्षा खाली असतं. ही खोली व्हर्नियरच्या मागच्या काडीने मोजता येते. सुझुकीच्या गाड्यांना ०.५ मिमी ही शेवटची मर्यादा धरतात. पण नुसती मर्यादेत बसणारी प्लेट घेऊ नका. ०.५ वर आलेली प्लेट घालून काही महिन्यांत परत खाली झोपायचं असेल तर गोष्ट वेगळी. १ मिमीच्या आसपास असेल तर घ्यावी. चारही बाजूंना आणि दोन्ही तोंडांना मोजा. एका बाजूला जास्त झीज असेल तर ती प्लेट किंवा तिचं फ्लायव्हील वाकडं होतं, असं समजा.

पुढची परीक्षा हाताची. प्लेट कानाजवळ धरून हलवा. मधल्या स्प्रिंगा खडखडत असतील, एखादी बोटाने फिरत असेल किंवा तिच्या खिडकीची कड चेपली असेल तर प्लेट बाद. दोन्ही अस्तरं चिमटीत दाबा. मधे पातळ लाटदार पत्रा असतो, तो थोडा दबून परत यायला हवा. याच दबण्यामुळे क्लच हळुवार पकडतो. तो सपाट झाला असेल तर गाडी सोडताना झटका बसणार.

मग प्लेट जाड सपाट काचेवर ठेवून बघा, डुगडुगते का. आणि शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची: तुमच्याच गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर ती घालून बघा. दात न अडकता सरकायला हवेत, आणि डावी-उजवीकडे फिरवल्यावर खेळ अगदी किंचित हवा. ८०० मध्ये चार गिअरच्या आणि नंतरच्या पाच गिअरच्या गाड्या आहेत. "सगळं एकच असतं" या बोलण्यावर विसंबू नका. तुमच्या गाडीतली आणि बसवायची अशा दोन्ही प्लेटा एकमेकींवर ठेवून व्यास आणि दात जुळवा.

कोकणातून आलेल्या गाडीचा क्लच असेल तर एक गोष्ट आणखी. एक-दोन पावसाळे न हलवता उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. प्रेशर प्लेटवरचा वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो. पण अस्तराच्या खाली, रिव्हेटच्या भोवती गंजाची लाल रेघ दिसली तर अस्तर पत्र्यापासून सुटायला लागलं आहे. ते पूर्ण वेगात फिरताना तुटलं तर बेलहाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) तुकड्यांचा सडा पडतो.

प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील

प्रेशर प्लेटच्या घासणाऱ्या तोंडावर निळे-जांभळे डाग म्हणजे ती तापून निघाली आहे. एखादा फिकट डाग चालेल. पण डागांच्या जागी केसासारख्या चिरा असतील तर नको. स्टीलची पट्टी आडवी ठेवून मधून उजेड दिसतो का बघा. आत बशीसारखी खोल गेलेली असेल तर बाद.

मग मधल्या डायाफ्रॅमची (बशीच्या आकाराच्या स्प्रिंगची) बोटं बघा. सगळ्यांची टोकं एका पातळीत हवीत. ती जिथे रिलीज बेअरिंगला घासतात तिथे चकाकी असणारच, पण नखाला खोल खाच लागायला नको. एखादं बोट वाकलेलं असेल तर हातोडीने सरळ करण्याचा मोह टाळा. तसंच कव्हर आणि तोंड जोडणाऱ्या कडेच्या पातळ पट्ट्या वाकल्या नाहीत ना ते पाहा. प्रेशर प्लेट हातातून फरशीवर पडली तरी या पट्ट्या वाकतात. असं झालं की क्लच पूर्ण सुटत नाही आणि तुम्ही केबल घट्ट-सैल करत बसता.

फ्लायव्हीलला फार जपावं लागत नाही, पण बाहेरच्या कडेचे स्टार्टरचे दात बघाच. एका ठिकाणी दात खाल्लेले असतील तर गाडी कधी कधी चावीला नुसती "कर्र" करेल. तोंडावर खोल चरे असतील तर लेथवाल्याकडे सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. नुसतं पॉलिश पेपरने घासून खोल चरे जात नाहीत. फ्लायव्हील बदलत असाल तर व्यास, जाडी, बोल्टची भोकं आणि दात मोजून जुळवा. मोजायचा कंटाळा करू नका, दोन-दोन वेळा मोजा.

माल कुठून घ्यावा

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला जुन्या पार्टच्या रांगा आहेत. इतरही शहरांत असा एखादा भाग असतोच. दुकानदाराला विचारा की गाडी अजून उभी आहे का. गाडीतून समोर काढून देणारा असेल तर उत्तम, कारण तेव्हा किलोमीटरचं मीटर, गिअरबॉक्सखालची तेलगळती, पेडलचा खेळ सगळं आपल्या डोळ्यांनी दिसतं. पावती मागा. चोरीच्या गाडीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे. पावती देणारा दुकानदार सहसा मालाबद्दलही खरं बोलतो, असा माझा अनुभव आहे.

गिअरबॉक्स उतरवणं

पहिल्यांदा करत असाल तर पूर्ण दिवस राखून ठेवा आणि एक मदतनीस घ्या. सपाट फरशी हवी. गाडी दोन मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, मागच्या चाकांना लाकडी पाचर लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटसुद्धा जायचं नाही. गाडी घोड्यांवर ठेवल्यावर जोरात हलवून बघा, मगच आत शिरा.

क्रम असा ठेवा:

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टार्टरला जाणाऱ्या जाड वायरमध्ये कायम करंट असतो.

२. गिअर ऑइल काढा. काढताना तेलाचा रंग आणि चुंबकाला चिकटलेली बारीक पावडर बघा. पावडर ठीक, पण लोखंडाचे तुकडे दिसले तर आधी गिअरबॉक्सचाच विचार करा.

३. क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाइटची वायर, अर्थची वायर आणि गिअर लिंकेज सोडवा. प्रत्येक ठिकाणचा मोबाइलने फोटो काढा. बोल्ट जिथले तिथले एकेका पिशवीत घाला. बेलहाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात.

४. स्टार्टर मोटर काढा.

५. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून सोडवा. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाक धरणाऱ्या भागातून) काढला की चाकाचा भाग बाहेर झुकतो आणि शाफ्टचं आतलं टोक पहारीने हलकेच उचकटता येतं. शाफ्ट लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. नाही तर जॉइंटवर ताण येतो आणि रबरी बूट फाटतो.

६. इंजिनाला आधार द्या. गिअरबॉक्सचं माउंटिंग सुटलं की इंजिन त्या बाजूने खाली कलतं. चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) जाड लाकडी फळी ठेवून जॅक लावा. फळी नसेल तर पत्र्याचा चेंबर चेपतो.

७. माउंटिंग सोडा, बेलहाउसिंगचे बोल्ट काढा आणि दोघांनी धरून गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ बाजूला ओढा. इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स खाली वाकू देऊ नका.

सातव्या कामातच बहुतेक जण चुकतात. गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवरून प्लेटच्या मध्यावर आलं की प्लेटचा मधला भाग वाकतो. एवढी निवडून आणलेली प्लेट तिथेच जाते.

जोडणीआधी

आता बेलहाउसिंगच्या आत नीट बघा, कारण इथे परत यायचं नाही. इंजिनच्या बाजूने काळं पातळ तेल उतरलेलं असेल तर मागचं सील. गिअरबॉक्सच्या बाजूने जाड, तीव्र वासाचं तेल असेल तर इनपुट शाफ्टचं सील. तेल दिसत नसेल तरी दोन्ही सील बदला. नव्या सीलच्या ओठाला थोडं तेल लावा आणि सगळीकडून सारखं आत बसवा. मागचं सील बदलायला फ्लायव्हील काढावंच लागतं, तेव्हा त्याची भोकं क्रँकशी जुळवायला आधी खडूने खूण करा. त्याचे बोल्ट लावताना लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि टॉर्क पाना वापरून पुस्तिकेतल्या आकड्यालाच आवळा.

रिलीज फोर्कचा शाफ्ट काढला असेल तर बाहेरच्या आर्मवर आणि शाफ्टवर खुणा असतात. त्या जुळवूनच बसवा. एक दात चुकला तर पेडल कधीच नीट बसणार नाही. बुश झिजलेले असतील तर इथेच बदला. नवं रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिथे ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

प्लेट बसवणं

हात धुवा, निदान स्वच्छ फडक्याला पुसा. एक तेलकट बोट अस्तरावर उमटलं तरी त्या जागी प्लेट नीट पकडत नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरने पुसून वाळू द्या.

इनपुट शाफ्टच्या दातांवर उष्णता सोसणारं ग्रीस चोळा, प्लेट एकदा घालून काढा आणि बाहेर आलेलं सगळं ग्रीस पुसून टाका. जास्त झालेलं ग्रीस फिरताना थेट अस्तरावर उडतं.

प्लेटची दिशा: स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. काही प्लेटांवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेलीही असते. उलटी बसवली तर मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो, आणि हे सगळं जोडून झाल्यावर, गिअर पडत नाही तेव्हा कळतं.

प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंट शाफ्ट वापरा. तो नसेल तर जुना इनपुट शाफ्ट, तोही नसेल तर योग्य जाडीचा लाकडी दांडा घ्या आणि टेप गुंडाळून घट्ट करा. प्रेशर प्लेट जागी ठेवा आणि बोल्ट हाताने लावा. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर कव्हर वाकडं बसतं आणि मग कधीच सरळ होत नाही. या आकाराच्या बोल्टांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे होतात. शेवटी अलाइनमेंट शाफ्ट काढून परत घालून बघा. अडखळला तर प्लेट मध्यावर नाही.

आता गिअरबॉक्स चढवा. एकाने धरायचा, दुसऱ्याने क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने थोडा थोडा फिरवत राहायचा, म्हणजे दात सापडतात. डॉवेल पिनांवर (जागा जुळवणाऱ्या खुंट्यांवर) बेलहाउसिंग हाताने पूर्ण बसलं पाहिजे. दोन सेंटिमीटर फट आहे म्हणून बोल्ट आवळून ती ओढून घेऊ नका, बेलहाउसिंगचे कान तुटतात. न बसल्यास बाहेर काढा, थोडा विसावा घ्या, परत करा. मला एकदा चाळीस मिनिटं लागली होती.

बाकी सगळं उलट्या क्रमाने. गिअर ऑइल भरेपर्यंत स्टीअरिंगला "ऑइल नाही" अशी चिठ्ठी बांधून ठेवा. घरचा कोणी गाडी बाजूला घ्यायला चालू करतो आणि कोरडा गिअरबॉक्स फिरतो.

पेडलचा खेळ आणि पहिली चाचणी

नवी केबल पूर्ण लांब सोडा आणि मग घट्ट करत आणा. पेडल हाताने दाबल्यावर सुरुवातीला साधारण दोन सेंटिमीटर मोकळं जायला हवं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. खेळच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहील आणि प्लेट घसरेल. खेळ फार असेल तर क्लच पूर्ण सुटणार नाही.

इंजिन चालू करा, क्लच दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर न करता पडला तर क्लच नीट सुटतोय. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण द्या. आवाजाबरोबर वेगही चढला तर पकड चांगली.

सुरुवातीला गाडी सोडताना किंचित थरथर जाणवली तर घाबरू नका. जुने भाग नव्या जागी बसायला थोडे किलोमीटर घेतात. पण दोनशे किलोमीटरनंतरही थरथर असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग्ज बघा. फाटलेल्या माउंटिंगमुळे येणारी थरथर हुबेहूब क्लचसारखी वाटते. माझ्या ओळखीच्या एकाने त्यासाठी दोनदा गिअरबॉक्स उतरवला आणि दोष निघाला तो एका रबरात.

पेडल दाबल्यावर घर्रर्र आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवा. पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

पहिले पाचशे किलोमीटर चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा. सिग्नलला पाय क्लचवर ठेवून उभं राहू नका, न्यूट्रल करा. पाचशे झाले की केबलचा खेळ परत मोजा, कारण नवी केबल थोडी ताणते. गाडीखाली झोपून बेलहाउसिंगच्या खालच्या फटीला बोट लावून बघा. कोरडी असेल तर काम झालं. तेलाचा थेंब असेल तर त्याचा रंग आणि वास घ्या आणि कुठलं सील गेलं ते ठरवा.